सिद्धांत, करण आणि हवामानाची मॉडेलं

आजचा विषय हवामानाच्या मॉडेलांचा आहे, पण मी सुरुवात पंचांगापासून करणार आहे.

कोकणात मुरूडजवळ नांदगाव नावाचं गाव आहे. तिथल्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ.स. १५२० मध्ये, 'ग्रहलाघव' नावाचा ग्रंथ लिहिला. आपल्याकडच्या ज्योतिर्गणितात ग्रंथांचे दोन प्रमुख प्रकार होते, सिद्धांत आणि करण. सिद्धांतग्रंथ सगळं मुळापासून सांगतो. कल्पाच्या किंवा युगाच्या आरंभापासून दिवस मोजतो, ग्रहांच्या गतीची उपपत्ती देतो. त्यात आकडे इतके प्रचंड होतात की रोजचं पंचांग त्यावरून करणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येईल. म्हणून करणग्रंथ लिहिले गेले. करणग्रंथ जवळचीच एखादी तारीख आरंभ म्हणून घेतो आणि तिथून पुढचं सोपं गणित देतो. गणेश दैवज्ञांनी तर काळाचे अकरा-अकरा वर्षांचे तुकडे पाडले, म्हणजे दिवसांची संख्या कधी मोठी होऊच नये. शिवाय त्रिकोणमितीतल्या ज्या-चापांची कटकट टाळून ग्रह काढण्याच्या रीती दिल्या. नावातच 'लाघव' आहे. पुढची काही शतकं महाराष्ट्रातली बरीच पंचांगं याच ग्रंथावर चालली.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे एक प्रश्न पडतो. करणग्रंथावरून ग्रहणाची वेळ बरोबर काढणाऱ्या माणसाला ग्रहण *समजलं* आहे का? आणि समजलेलं नसेल, तर त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवायचा कशाच्या आधारावर? हाच प्रश्न आज हवामानशास्त्रात फार मोठ्या प्रमाणावर उभा आहे. तिथेही एक सिद्धांत आहे आणि एक करण आहे. करणाला तिथे इम्युलेटर म्हणतात. त्याचा इतिहास आज आपण बघू.

आधी सिद्धांताकडे येऊ. वातावरणाची समीकरणं माहीत आहेत, मग ती आकड्यांनी सोडवून उद्याचं हवामान का काढू नये, असं लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाला वाटलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत असताना त्यांनी हाताने हे गणित केलं. २० मे १९१० या दिवसाचा, युरोपातल्या एका भागाचा, फक्त सहा तासांचा अंदाज. त्याला सुमारे सहा आठवडे लागले आणि उत्तर साफ चुकलं. सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल असं निघालं. प्रत्यक्षात दाब जवळजवळ हललाच नव्हता. तरी १९२२ साली त्यांनी हे सगळं प्रामाणिकपणे पुस्तकात छापलं. त्यातच एक कल्पनाचित्र आहे. एका प्रचंड सभागृहात ६४,००० माणसं बसून आकडेमोड करत आहेत आणि सगळ्या पृथ्वीचं हवामान त्याच्या वेगाने मोजत आहेत. म्हणजे पहिल्या दिवसापासून या शास्त्राची अडचण कोणती होती बघा. समीकरणं हाताशी होती, ती सोडवायला वेळ नव्हता.

१९५० मध्ये चार्नी, फ्योर्टॉफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी एनिॲक या संगणकावर चोवीस तासांचा अंदाज काढला, आणि तो काढायला साधारण चोवीस तासच लागले. १९५६ मध्ये नॉर्मन फिलिप्स यांनी संगणकावर वातावरणाचं एकूण अभिसरण उभं केलं. १९७५ मध्ये मनाबे आणि वेदराल्ड यांनी अशा त्रिमितीय मॉडेलात कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला तर काय होईल ते काढलं. तापमान सुमारे तीन अंशांनी वाढेल, असं उत्तर आलं. मनाबेंना २०२१ मध्ये नोबेल मिळालं, ते या वाटेवरच्या कामासाठी.

१९७९ मध्ये चार्नी यांच्याच अध्यक्षतेखाली अमेरिकेत एक समिती बसली. तिने सांगितलं, की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमानवाढ १.५ ते ४.५ अंशांच्या दरम्यान राहील. हा पट्टा लक्षात ठेवा. दीड अंश आणि साडेचार अंश ही दोन वेगळी जगं आहेत. एकात जुळवून घेता येईल, दुसऱ्यात किनाऱ्यावरच्या शहरांचा नकाशाच बदलेल.

हा पट्टा एवढा रुंद का? मोठ्या मॉडेलातही सगळं मावत नाही. मॉडेल पृथ्वीला चौकटींत विभागतं. एक चौकट शंभर-दोनशे किलोमीटरची असेल तर त्यातला एकेक ढग मॉडेलला दिसतच नाही. मग ढगांच्या एकूण परिणामासाठी एक ढोबळ नियम घालावा लागतो, आणि त्या नियमात काही आकडे असतात. पावसाचे थेंब कोणत्या वेगाने पडतात, ढगात बाहेरची हवा किती मिसळते, बर्फाचे कण किती मोठे असतात. यांना पॅरामीटर म्हणतात. त्यांच्या नेमक्या किमती माहीत नसतात. या दरम्यान असेल, एवढंच सांगता येतं.

आता हिशेब करा. असे वीस पॅरामीटर आहेत आणि प्रत्येकाच्या तीनच किमती तपासायच्या आहेत, कमी, मध्यम आणि जास्त. एकूण जोड्या होतात ३४८ कोटींहून जास्त. एका जोडीसाठी महासंगणक एक महिना धरला तर २९ कोटी वर्षं लागतील. म्हणजे ज्याच्याकडे सिद्धांत आहे त्यालाही आपल्याच सिद्धांताचा पूर्ण अर्थ माहीत नाही. समीकरणं त्यानेच लिहिलीत, पण ती एकत्र काय सांगतात हे तो विचारू शकत नाही, कारण प्रत्येक प्रश्नाची किंमत एक महिना आहे.

यातून दोन वाटा निघाल्या. पहिली भौतिकशास्त्राची. पृथ्वीचं सगळं तपशीलवार चित्र सोडून द्यायचं आणि जमाखर्च तेवढा ठेवायचा. उष्णता किती आली, किती गेली, समुद्राने किती पोटात घेतली. टॉम विग्ली आणि सारा रेपर यांनी या पद्धतीने बांधलेलं 'मॅजिक' नावाचं छोटं मॉडेल १९९० च्या सुमारापासून आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, कामात वापरलं जातं. ते साध्या संगणकावर क्षणात चालतं. त्यातले आकडे असे जुळवून घ्यायचे, की जागतिक तापमानापुरतं ते मोठ्या मॉडेलासारखं वागेल. त्याच काळात सॅन्टर, विग्ली आणि सहकाऱ्यांनी आणखी एक युक्ती मांडली. मोठ्या मॉडेलाकडून तापमानवाढीचा नकाशा एकदा घ्यायचा आणि पृथ्वी जेवढी तापेल त्या प्रमाणात तो नकाशा ताणायचा. याला पॅटर्न स्केलिंग म्हणतात.

दुसरी वाट संख्याशास्त्राची, आणि ती हवामानातून आलीच नाही. ती सोन्याच्या खाणींतून आली. दक्षिण आफ्रिकेतले खाण-अभियंता डॅनी क्रीग यांच्यापुढे १९५० च्या सुमारास प्रश्न होता असा : मोजक्याच ठिकाणी भोकं पाडून नमुने घेतलेत, मग मधल्या जमिनीत सोनं किती? फ्रान्समध्ये जॉर्ज मातरों यांनी १९६० च्या दशकात या रीतीचं रीतसर गणित केलं आणि तिला क्रीग यांचंच नाव दिलं, क्रिगिंग.

रीत समजायला घराच्या गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी आठवा. चार खुंट्या आहेत. खुंटीपाशी दोरी हलत नाही. दोन खुंट्यांच्या मध्ये मात्र ती वाऱ्याने वरखाली होते, आणि अंतर जितकं जास्त तितकी जास्त. खुंटी म्हणजे मोजलेला नमुना. मधली दोरी म्हणजे अंदाज. आणि दोरीचं हेलकावणं म्हणजे त्या अंदाजातली अनिश्चितता. ही रीत उत्तराबरोबर हेलकावाही सांगते. इथे माझी एवढीच खात्री आहे, असं स्वतःहून म्हणते. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली मोलाची गोष्ट हीच आहे.

पण यात एक गृहीतक लपलेलं आहे, की जवळच्या गोष्टी सारख्या असतात. आपल्याला हे कुठे फसतं ते चांगलं माहीत आहे. महाबळेश्वरला धो-धो पाऊस, आणि घाट उतरून वाईला आलात तर त्याच्या थोड्या अंशाइतकाच. ज्याने घाटमाथ्यावरच दोन पर्जन्यमापक ठेवले, तो वाईबद्दल मोठ्या आत्मविश्वासाने चुकीचं सांगेल. गणितात दोष नाही. सह्याद्रीचा उतार त्याला कोणी सांगितला नव्हता.

जमिनीतल्या सोन्यावरून संगणकातल्या मॉडेलावर ही उडी कशी पडली? १९७९ मध्ये मॅके, बेकमन आणि कॉनोव्हर यांनी लॉस अलामॉसमध्ये एक प्रश्न घेतला. संगणकावरचा प्रयोग महाग असेल तर मोजक्या खुंट्या कुठे ठोकायच्या? त्यांनी लॅटिन हायपरक्यूब नावाची रीत दिली. सुडोकूत एका ओळीत एक आकडा एकदाच येतो, साधारण तसं. प्रत्येक पॅरामीटरचा प्रत्येक भाग एकदा तरी तपासला जाईल अशी रचना. १९८९ मध्ये सॅक्स, वेल्च, मिचेल आणि विन यांनी हे सगळं एकत्र मांडलं. संगणकाचं मॉडेल ही जणू एक अज्ञात जमीन आहे, त्यात मोजक्या जागी भोकं पाडा आणि बाकीची जमीन संख्याशास्त्राने भरून काढा, असं त्यांचं म्हणणं.

इथे एक जुना तात्त्विक आक्षेप येतो. संभाव्यता म्हटलं की आपल्याला फासे आठवतात. संगणकाचं मॉडेल तर ठरलेलं उत्तर देतं. तेच आकडे घाला, तेच उत्तर येईल. मग त्यात संभाव्यता कुठून आली? पायच्या दशांश विस्तारातला दहा हजारावा अंक घ्या. तो ठरलेला आहे, बदलणार नाही. पण मला तो आत्ता माहीत नाही, आणि पैज लावायची वेळ आली तर मी म्हणेन की तो सात असण्याची शक्यता दहात एक. ही शक्यता त्या अंकात नाही, माझ्या माहितीत आहे. इम्युलेटर ज्या संभाव्यतेबद्दल बोलतो ती या जातीची. ती अज्ञानाचं माप आहे.

आणि अज्ञानही एक नसतं. २००१ मध्ये केनेडी आणि ओ'हेगन यांनी एक निबंध लिहिला, त्यात दोन अंतरं वेगळी केली. एक अंतर इम्युलेटर आणि मॉडेल यांतलं, म्हणजे करण आणि सिद्धांत यांतलं. दुसरं मॉडेल आणि जग यांतलं, म्हणजे सिद्धांत आणि आकाश यांतलं. पहिलं अंतर पैसे खर्चून कमी करता येतं. मोठं मॉडेल आणखी चालवा, आणखी खुंट्या ठोका. दुसरं मात्र असं कमी होत नाही, कारण तिथे मॉडेलातच काहीतरी राहून गेलेलं असतं. ही दोन अंतरं एकात मिसळली की फसगत होते. माझा इम्युलेटर मॉडेलशी तंतोतंत जुळतो, असं कोणी म्हणालं तर ते पहिल्या अंतराबद्दल बोलतंय. जगाबद्दल त्याने अजून एक शब्दही काढलेला नाही.

हवामानशास्त्रात ही पद्धत २००० नंतर आली. २००४ मध्ये ब्रिटनच्या हवामान खात्यात मर्फी आणि सहकाऱ्यांनी एकाच मॉडेलाची पॅरामीटर बदलून ५३ रूपं चालवली. २००५ मध्ये स्टेनफर्थ आणि सहकाऱ्यांनी तर सामान्य लोकांच्या घरच्या संगणकांवर, ते रिकामे असताना, अशी हजारो रूपं चालवून बघितली. त्यांतली काही रूपं ११ अंशांपर्यंतची वाढ दाखवत होती. मग ही रूपं खरी मानायची की टाकून द्यायची? २००९ मध्ये ब्रिटनचे राष्ट्रीय हवामान-अंदाज प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांच्या संभाव्यता काढायला इम्युलेटर वापरले होते.

टाकायचं काय, या प्रश्नाचं एक सुंदर उत्तर डरहॅमच्या मायकेल गोल्डस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून आलं, तेही तेलाच्या विहिरींच्या अभ्यासातून. त्यांनी उत्तम पॅरामीटर शोधायचा नाद सोडला. प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारायचा : दोन्ही अंतरांची पुरेशी सूट देऊनही ही जोडी निरीक्षणांशी जुळणं अशक्यप्राय आहे का? असेल तर बाद. उरलेल्या जागेत पुन्हा मॉडेल चालवायचं, पुन्हा बाद करायचं. आपल्याला ही रीत परकी वाटू नये. नेति नेति म्हणत जाणं हा ज्ञानाचा मार्ग आपल्या परंपरेला चांगला परिचयाचा आहे. शेवटी कधी कधी असंही होतं, की काहीच उरत नाही. तेव्हा समजायचं, मॉडेलातच खोट आहे.

अनेक राशी एकदम तपासायच्या असतात, तेव्हा निरीक्षणापासूनचं अंतर मोजायला लागणारं माप महालनोबिस यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांनी ते १९३६ मध्ये मांडलं. हेच प्रशांतचंद्र महालनोबिस १९२० च्या दशकात काही वर्षं कोलकात्याच्या वेधशाळेत हवामानशास्त्रज्ञ होते.

आता आजच्या काळाकडे येऊ, आणि इथे खेळ उलटतो.

२०१५ च्या पॅरिस कराराने दीड आणि दोन अंशांच्या मर्यादा ठरवल्या. मग प्रश्न आला, जगाने अमुक वर्षी कोळसा इतका कमी केला तर दीड अंश सांभाळला जाईल का? अशा शेकडो वाटा अर्थतज्ज्ञांनी रेखाटल्या. आयपीसीसीच्या २०२२ च्या अहवालात अशा १,२०२ वाटांचं तापमानानुसार वर्गीकरण केलेलं आहे. एवढ्या वाटा मोठ्या मॉडेलांवर चालवणं अशक्य. हे काम छोट्या मॉडेलांनीच केलं, मॅजिक आणि ऑक्सफर्ड-लीड्सच्या संशोधकांचं 'फेअर' ही त्यांतली प्रमुख. तुम्ही वर्तमानपत्रात वाचता ना, की या मार्गाने गेलं तर दीड अंशाखाली राहण्याची शक्यता पन्नास टक्के? ते वाक्य महासंगणकाचं नसतं. ते करणग्रंथाचं असतं. २०१८ च्या दीड अंशाच्या अहवालात एकाच वाटेसाठी फेअरचं उत्तर मॅजिकपेक्षा थोडं थंड येत होतं. फरक लहान होता, पण मर्यादाच दीड अंशाची असते तेव्हा दशांशालाही राजकीय वजन येतं.

आणि त्याहून महत्त्वाचं. मोठ्या मॉडेलांच्या नव्या पिढीतली काही जास्तच तापणारी निघाली. कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला की पाच अंशांहून अधिक वाढ दाखवणारी. प्रत्यक्ष झालेल्या तापमानवाढीशी ती नीट जुळत नव्हती. मग २०२१ च्या अहवालात आयपीसीसीने या मॉडेलांची सरळ सरासरी घेतली नाही. निरीक्षणं, प्राचीन हवामानाचे पुरावे आणि इम्युलेटर यांच्या आधारे अंदाज बांधला. चार्नी समितीचा दीड ते साडेचारचा पट्टा चार दशकांनी अडीच ते चारवर आला. म्हणजे करणाच्या मदतीने सिद्धांतांची परीक्षा झाली. हे योग्य झालं असं मला वाटतं, पण त्यामुळे जबाबदारीही सरकली. ज्याच्याकडून लाघवाची अपेक्षा होती, त्याच्याकडून आता प्रामाण्याची अपेक्षा आहे.

पुण्यात बसून बोलताना आपल्या प्रश्नाकडे आलंच पाहिजे. इथल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, उभं केलेलं पृथ्वी-प्रणाली मॉडेल जागतिक तुलनेच्या सहाव्या फेरीत सामील झालं. आपल्याकडे सिद्धांत आहे. पण आपल्याला हवं असतं ते मान्सूनचं उत्तर, आणि तिथे करणाची खरी कसोटी आहे. तापमानाचा नकाशा ताणता येतो. ते बऱ्यापैकी सरळ रेषेत वागतं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत तर स्थानिक तापमानासाठी जुन्या पॅटर्न स्केलिंगने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अद्ययावत इम्युलेटरलाही मागे टाकलं. पाऊस तसा वागत नाही. हवेतल्या धुळीकणांचा, समुद्राच्या तापण्याचा, जमिनीच्या कोरडेपणाचा परिणाम त्यात एकमेकांविरुद्ध ओढतो. सरासरी तीच राहून चार दिवसांत महिन्याचा पाऊस पडू शकतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सरासरीशी काय करायचंय? त्याला दोन सरींमधला खंड किती लांबेल हे हवं असतं. आणि ज्या घटना मॉडेलाने कधी दाखवल्याच नाहीत, अटलांटिकमधला प्रवाह कोसळणं किंवा बर्फाची चादर वेगाने निसटणं, त्यांबद्दल त्या मॉडेलावर शिकलेला इम्युलेटर काही सांगू शकणार नाही. घाटमाथ्यावरचे दोन पर्जन्यमापक आठवा.

शेवटी ग्रहलाघवाचं पुढे काय झालं ते सांगतो. गणेश दैवज्ञांचे वडील केशव हे स्वतः आकाशाचे वेध घेणारे होते, आणि ग्रंथातलं गणित आकाशाशी ताडून पाहायचं ही शिस्त मुलाला तिथूनच मिळाली. म्हणून तो ग्रंथ इतका टिकला. पण पुढच्या पिढ्यांनी ग्रंथ घेतला आणि वेध सोडले. चूक वर्षानुवर्षं थोडी थोडी साठत गेली. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात केरूनाना छत्रे यांनी नव्या कोष्टकांवरून पंचांग सुरू केलं आणि पुढे लोकमान्य टिळकांनीही पंचांगशुद्धीचा पाठपुरावा केला, तेव्हा लोक तिथी आणि सणांवरून भांडले. जुन्या आकड्यांची सवय झाली होती.

माझा मुद्दा एवढाच आहे. करण वापरण्यात कमीपणा नाही. त्याशिवाय पंचांगही होत नाही आणि पृथ्वीचा हिशेबही लागत नाही. पण चांगलं करण तीन गोष्टी उघड सांगतं : मी कोणत्या सिद्धांताचा प्रतिनिधी आहे, माझी वैधता कुठपर्यंत आहे, आणि आकाशाशी मला शेवटचं कधी ताडून पाहिलं. उद्या तुमच्या जिल्ह्याच्या हवामान-आराखड्यात कोणी पावसाचा एकच आकडा ठेवला, तर त्याला हे तीन प्रश्न विचारा. धरणाची उंची आणि पुराची रेषा त्याच आकड्यावरून ठरणार आहे, आणि त्या रेषेच्या खाली कोणाची तरी घरं आहेत.

आता आपल्या प्रश्नांकडे वळू.